ढ

वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला मराठीने एकाक्षरी नाव देऊन ठेवले आहे: ढ. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरे वळणे घेत गेली, हे एक जवळपास होते तसेच राहिले, म्हणून न बदलणाऱ्याला ढ म्हणायचे, असा खुलासा सांगतात. खरा असो वा रचलेला, त्यात दोष अक्षराच्याच माथी मारलेला आहे. लिहिणारा हात नामानिराळा.

हा दोष नेमका कुणाचा, ते भोर तालुक्यातल्या शाळांवरून पाहू. भोंगवली तालुक्याच्या पूर्व अंगाला, नीरेच्या खोऱ्यात. इथल्या माणसाला शिरवळचे कारखाने जवळचे. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला भाटघरच्या पाण्यामागे आणि पलीकडे वेल्ह्यात वाड्या डोंगराला चिकटलेल्या. भरल्या वर्गातले कच्चे मूल कुणाच्या ध्यानात येत नाही. डोंगरातल्या शाळेत ते पहिल्याच दिवशी ध्यानात येते. पण तिथे शाळाच कच्ची ठरते, कारण पट कमी.

२०२३ साली राज्याने २० च्या आतला पट असलेल्या शाळांचा हिशेब मांडला: १४,७८३ शाळा, १,८५,४६७ मुले, २९,७०७ शिक्षक. म्हणजे एका शिक्षकामागे सहाच मुले. खर्च परवडत नाही, म्हणून या शाळा एकत्र करून समूह शाळा काढा, असा विचार पुढे आला. नमुना म्हणून वेल्ह्यातल्या पानशेतचे नाव घेतले गेले.

आता याच्याशेजारी एक जुनी गोष्ट ठेवून पाहू. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ या संस्थेने मुंबईच्या महापालिका शाळांत बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतलीच, शिकलेली तरुण मुलगी तिसरी-चौथीतली मागे पडलेली वीसेक मुले रोज दोन तास बाजूला घेऊन बसायची आणि वाचन-गणिताच्या पायापासून सुरुवात करायची. मानधन महिन्याला हजाराच्याही आत. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी या प्रयोगाचे मोजमाप केले, तेव्हा मुलांचे गुण स्पष्टपणे वाढलेले दिसले. सर्वांत जास्त फायदा सर्वांत कच्च्या मुलांना झाला होता. लहान गटाची जी सोय शहरात पैसे मोजून मिळवली, तीच डोंगरात आपोआप हाती असताना आपण तिला उधळपट्टी म्हणतो. अर्थात लहान शाळेची भलामण करण्यातही भोळेपणा आहे. इयत्तेत एकटेच मूल असेल तर त्याने बोलायचे कुणाशी? आणि गुरुजींचा दिवस माहिती भरण्यातच सरला तर सहा मुले काय नि साठ काय.

माझा मुद्दा त्याही आधीचा आहे. तिसरीत मागे पडलेले मूल तिसरीत मागे पडत नाही. शिक्षण हक्क कायदा सहाव्या वर्षी सुरू होतो. त्याआधीच्या मुलांसाठी सरकारने सोय ‘करावी’ एवढी सूचना आहे, सक्ती नाही. तीन ते सहा ही वर्षे अंगणवाडीच्या पदरात. तिथल्या आहाराचा २०१७ मध्ये ठरलेला दर मुलामागे दिवसाला ८ रुपये. आठ रुपयांत आज चहाचा कपही मिळत नाही. सेविकेला पगार नाही, मानधन. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. वजन, लसीकरण, सर्वेक्षण, मोबाइलवरच्या नोंदी हे सगळे उरकल्यावर उरलेल्या वेळात तिने गाणी-गोष्टी करायच्या.

पैसा कुठे जातो हा प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे मांडला होता. शेतसारा रयत भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना, हे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि प्राथमिक शिक्षकाला १२ रुपयांहून कमी पगार नको, अशी आकड्यासकट मागणी केली. त्यांचे घराणे पुण्याला येण्याआधी खानवडीचे, भोरच्या शेजारच्या पुरंदरातले. पाणी आणि पैसा वरून झिरपत खाली येईल यावर त्या मुलखातल्या माणसाचा विश्वास बसणे कठीणच होते.

बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना बोर्डीत दुसरी गोष्ट दिसली. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली पाहिजे. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रुळला. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणली. कारण साधे होते: धाकट्याला कडेवर घेऊन घरी थांबणारी थोरली, धाकट्याची सोय झाल्याशिवाय शाळेत यायची नाही.

आज धाकटा महिला व बालविकास खात्याकडे, थोरली शालेय शिक्षण खात्याकडे. समूह शाळेची बस थोरलीला न्यायला वाडीच्या फाट्यावर येईल. तीन वर्षांच्या धाकट्याला त्या बसमध्ये जागा नाही, आणि आई तोवर कामाला गेलेली असते.