हरीण कुणाचे?



काही महिन्यांपूर्वी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये माझा एक सहकारी चेहरा पाडून बसला होता. "याही वर्षी टॅग लागला नाही," तो म्हणाला. तो इथलाच, मिनेसोटात जन्मलेला. दरवर्षी वायोमिंगच्या डोंगरात एल्कच्या शिकारीसाठी अर्ज भरतो. एल्क म्हणजे आपल्या सांबरासारखेच, पण अंगाने त्याहून मोठे हरीण. "ते जंगल केंद्र सरकारचे आहे. माझ्याही टॅक्सवर चालते. पण तिथे राहणाऱ्याला टॅग स्वस्तात, आणि मला कितीतरी पट पैसे मोजून, तोही लॉटरीत नंबर लागला तर! आपल्याच देशात मी बाहेरचा. तुला तरी हे समजायला हवे."

माझी ग्रीन कार्डची रांग त्याला ठाऊक आहे, म्हणून शेवटचे वाक्य. मग त्याने विचारले, "पुढच्या वर्षी तूही माझ्याबरोबर अर्ज भर ना. मुलालाही घेऊन ये." माझा पंधरा वर्षांचा मुलगा हे ऐकून उड्याच मारू लागला. मी म्हणालो, विचार करून सांगतो. तो विचार आपल्यापुढे मांडतो आहे.

आधी टॅग म्हणजे काय ते सांगतो. इथे नुसता शिकारीचा परवाना पुरत नाही. पश्चिमेकडच्या राज्यांत मोठ्या जनावरांसाठी बहुधा प्रत्येक जनावरामागे एक टॅग लागतो, आणि मारलेल्या जनावराला तो लावावा लागतो. कोणत्या भागात किती जनावरे मारली तरी कळप टिकेल याचा अंदाज घेऊन राज्याचे खाते टॅगची संख्या ठरवते. मागणी जास्त असली की सोडत निघते. त्या सोडतीत राज्यातल्या रहिवाशाचा वाटा मोठा आणि फी कमी, बाहेरच्याचा वाटा लहान आणि फी जास्त.

न्यू मेक्सिकोत सोडतीतले ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आउटफिटरशी करार केलेल्यांना आणि उरलेले ६ टक्के बाहेरून स्वतःच्या बळावर येणाऱ्यांना. आउटफिटर म्हणजे घोडे, तंबू, जेवणखाण आणि वाटाड्या पुरवून शिकारीची सगळी व्यवस्था करणारा व्यावसायिक. वायोमिंगमध्ये केंद्राने राखीव ठेवलेल्या निबिड रानात बाहेरच्या माणसाला वाटाड्याशिवाय मोठ्या जनावरांची शिकार करता येत नाही, रहिवाशाला येते. त्याच रानात नुसते फिरायचे असेल, मासे धरायचे असतील, तर मात्र वाटाड्याची सक्ती नाही. म्हणजे सुरक्षिततेचे कारण पुढे केले तरी नियमामागे आउटफिटरचा धंदाही आहे, असा संशय येतोच.

माझ्या सहकाऱ्याची तक्रार जुनी आहे. १९७६ मध्ये मोंटानाच्या रहिवाशाला एल्कचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्याला अनेक जनावरांचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे, त्याचे २२५ डॉलर. याविरुद्ध मिनेसोटाचे चार शिकारी कोर्टात गेले. त्यांच्या बरोबरीने उभा राहिलेला बाल्डविन हा मात्र मोंटानाचाच रहिवासी. तो आउटफिटर होता आणि त्याची बहुतेक गिऱ्हाइके बाहेरची. बाहेरच्यावर बसलेला भुर्दंड आतल्याच्या पोटावर येतो तो असा. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी मोंटानाच्या बाजूने निकाल दिला. एल्कची शिकार हा छंद आहे, उपजीविका नव्हे, त्यामुळे या बाबतीत राज्याने परक्याशी वेगळे वागले तरी संघराज्याच्या एकीला बाध येत नाही, असा त्या निकालाचा आशय. विरोधात मत देणाऱ्या तिघांत थर्गूड मार्शल होते. शाळांतला वर्णभेद मोडणारा १९५४ चा निकाल ज्यांनी वकील म्हणून मिळवला, तेच हे मार्शल.

मार्शल यांचे नाव वाचून मी आधी माझ्या सहकाऱ्याकडे झुकलो होतो. पण त्याच कोर्टाचे १९४८ चे दोन निकाल वाचले आणि थांबलो. साउथ कॅरोलिना कोळंबी पकडणाऱ्या रहिवाशाच्या बोटीला २५ डॉलर आणि बाहेरच्याच्या बोटीला २,५०० डॉलर आकारत होते. कोर्टाने ते रद्द केले, कारण तिथे प्रश्न रोजीरोटीचा होता. दुसरा खटला ताकाहाशी या जपानी मच्छीमाराचा. लॉस एंजेलिसमध्ये कित्येक वर्षे राहिलेला माणूस. युद्धकाळात जपानी लोकांना छावण्यांत डांबले, त्यात तोही होता. परत आला तर कॅलिफोर्नियाने कायदा केलेला, की ज्यांना नागरिक होताच येत नाही त्यांना मासेमारीचा परवाना नाही. त्या काळी जपानी माणसाला वंशामुळे नागरिकत्व बंद होते. कोर्टाने हाही कायदा हाणून पाडला.

या तीन खटल्यांत मला एक मोजपट्टी दिसते, आणि ती आपल्याला परकी नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. त्या पाण्याला गुरेढोरे तोंड लावत, आपल्याला मात्र बंदी. तिथे नाकारले जात होते ते पाणी आणि माणूसपण, आणि नाकारण्याचा आधार होता जन्म. मोंटानाच्या बाबतीत नाकारली जाते ती हौस, आणि आधार आहे राहण्याचा पत्ता. सलग १८० दिवस मोंटानात घर करून राहा, तिथला कर भरा, की तुम्हीही तिथले रहिवासी होऊ शकता. जात अशी १८० दिवसांत बदलता येत नाही. म्हणून "बाहेरचा" हा एकच शब्द दोन्हीकडे वापरणे मला पटत नाही.

माझी ग्रीन कार्डची रांग यात कुठे बसते, हेही मग तपासावे लागले. ती रांग नागरिकत्वावर नव्हे, जन्म कोणत्या देशात झाला यावर ठरते. एका देशात जन्मलेल्यांना वर्षाला साधारण सात टक्क्यांच्या वर वाटा नाही. त्यावर हरकत घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण प्रामाणिकपणे हेही कबूल करायला हवे, की आपल्याकडे डोमिसाइल सर्टिफिकेट दाखवून राज्याच्या कोट्यातून प्रवेश घेताना आपल्यापैकी कुणाला अन्याय झाल्याचे वाटले नव्हते. आपण आत असतो तेव्हा कुंपण दिसत नाही.

मला जास्त खटकते ते दुसरेच. आउटफिटरशी करार करायला हजारो डॉलर लागतात. ज्याच्याकडे ते आहेत त्याच्यासाठी न्यू मेक्सिकोत वेगळी रांग आहे. मोंटानातही आउटफिटरमार्फत येणाऱ्या बाहेरच्यांसाठी हमखास मिळणारे परवाने होते. २०१० मध्ये तिथल्या मतदारांनी ते बंद केले आणि सगळ्या बाहेरच्यांना एकाच सोडतीत आणले. आउटफिटरांचा विरोध मी समजू शकतो. गिऱ्हाइकाला टॅग मिळेल की नाही हेच माहीत नसेल तर घोड्यांचा चारा आणि माणसांचे पगार कशाच्या भरवशावर द्यायचे? तरीही जे सगळ्यांचे म्हणायचे, त्याची मागच्या दाराची किल्ली पैशाने मिळू नये, हे मला मतदारांचे बरोबर वाटते.

इथवर सगळे बोलले: रहिवासी, बाहेरचा, आउटफिटर, कोर्ट. हरीण राहिलेच.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सिद्धार्थ आणि देवदत्ताच्या पक्ष्याची गोष्ट सांगितली आहे. लहानपणापासून आपण ती ऐकतो. पण देवदत्त आपला हक्क कशावर सांगतो, हे मी या वेळी नीट पाहिले. तो शिकारीचा नियम पुढे करतो: मारणाऱ्याचा पक्षी. सिद्धार्थ त्या नियमाची नीट अंमलबजावणी मागत नाही, तो नियमच नाकारतो. जो राखतो त्याचा हक्क, असे तो म्हणतो आणि निवाडा त्याच्या बाजूने होतो. ८४ टक्के की ६ टक्के, हा वाद देवदत्ता-देवदत्तांमधला आहे.

पण शिकारी यावर उत्तर देतो, आणि ते पोकळ नाही. "राखतो कोण? आम्हीच!" १९३७ च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर वन्यजीवांच्या कामाला लावला. राज्यांची वन्यजीव खातीही मोठ्या प्रमाणात परवान्यांच्या फीवर चालतात, आणि त्यात बाहेरच्यांच्या चढ्या फीचा भार मोठा. कळप राखायलाही पैसा लागतो, हे खरे आहे. पण राखायला पैसे दिले म्हणून मारायचा हक्क मिळतो का?

२०१८ मध्ये वायोमिंगने ग्रिझली अस्वलांच्या शिकारीची सोडत काढली. रहिवाशाला ६०० डॉलर, बाहेरच्याला ६,०००. सुमारे सात हजार अर्ज आले. त्यांत जेन गुडॉल यांच्यासारख्या कधीच बंदूक न उचलणाऱ्या लोकांनीही अर्ज भरले. मारण्यासाठी नव्हे, टॅग अडवण्यासाठी. वन्यजीव छायाचित्रकार थॉमस मँगेलसन यांचा नंबर लागला. आपण कॅमेरा घेऊन जाणार, असे त्यांनी सांगितले. शेवटी कोर्टाने ती शिकारच थांबवली. शिकारी म्हणाले, ही फसवणूक आहे. मला तसे वाटत नाही. टॅग मारायची परवानगी देतो, सक्ती करत नाही. त्या टॅगवर पहिल्यांदाच सिद्धार्थाचा दावा लागला होता.

मुलाला मी हे सगळे सांगितले. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बाबा, मग आपण शनिवारी मटण आणतो ते कोण मारतं?" मी गप्प झालो. बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. त्या फरकाने शिंगांसाठी मारणारा आणि वर्षभराचे मांस फ्रीजरमध्ये ठेवणारा शिकारी वेगळे ठरतात. माझा सहकारी दुसऱ्या प्रकारचा आहे, मारलेले सगळे खातो. आणि मी? मला मटणाची गरज आहे, असे छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. फक्त सुरी दुसऱ्याच्या हातात आहे. त्यामुळे पहिले शील मी त्याच्यापेक्षा जास्त पाळतो, अशी ऐट मला करता येणार नाही.

सहकाऱ्याला मी सांगितले, "तुझ्याशी नियम वेगळा लागतो, पण त्यात तुझा अपमान नाही. पैसेवाल्याला वेगळी रांग आहे तिथे मात्र मी तुझ्या बाजूने आहे. अर्ज मी भरणार नाही. मारण्यात आनंद मानायला मला शिकायचे नाही, आणि मुलालाही शिकवायचे नाही." तो रागावला नाही. म्हणाला, "मग सप्टेंबरमध्ये कॅमेरा घेऊन चला. तेव्हा एल्क ओरडतात, ते ऐकण्यासारखे असते. त्याला टॅग लागत नाही."

आम्ही जाणार आहोत. शनिवारच्या मटणाबद्दल घरात अजून बोलणे चालू आहे. आपल्या घरात हा प्रश्न निघाला तर आपण मुलांना काय उत्तर देता, ते पुढच्या वंदनेला भेटू तेव्हा जरूर सांगा.