चुकलेली भाकिते

वाचनभाग : प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१, २ तीमथ्य ४:९-१३



मुष्टियुद्धाच्या शौकिनांमध्ये एक रीत आहे. जुन्या लढतींच्या गप्पा रंगल्या, की केव्हातरी कोणीतरी विचारतो, "तुमचे आजवरचे सर्वांत फसलेले भाकीत कोणते?" मग एकेक जण सांगू लागतो. कोणत्या वर्षी, कोणत्या लढतीपूर्वी, कोणत्या योद्ध्याविषयी आपण काय छातीठोकपणे म्हटले होते, ते सारे नावानिशी. कोणी सबब सांगत नाही. ज्याचे भाकीत अधिक हास्यास्पद, त्याला अधिक दाद मिळते.

ख्रिस्ती माणसाने मुष्टियुद्ध पाहावे काय, हा प्रश्न येथे घेत नाही; त्यावर पैजा लावू नयेत, याविषयी मात्र मला शंका नाही. आज मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे तो या मंडळींचा मोकळेपणा. माणसाविषयी केलेले भाकीत चुकले, तर ते चारचौघांत मागे घ्यायचे असते, हे त्यांना कोणी शिकवले नसताना कळते. आपल्या मंडळ्यांमध्ये अशी रीत मला फारशी आढळलेली नाही.

त्यांच्या कबुलीजबाबांत काही लढती हमखास येतात. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी मायामी बीच येथे विश्वविजेता सनी लिस्टन आणि अवघा २२ वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा मुहम्मद अली, यांची गाठ पडली. ४६ क्रीडापत्रकारांपैकी ४३ जणांनी लिस्टनच्या बाजूने कौल दिला होता. हे रस्त्यावरचे बघे नव्हते. मुष्टियुद्धावर लिहिणे हाच त्यांचा व्यवसाय होता. लिस्टन सातव्या फेरीसाठी आपल्या आसनावरून उठलाच नाही. पुढे ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत माईक टायसनसमोर बस्टर डग्लस उभा राहिला. लास वेगासमधील बहुतेक पेढ्यांनी त्या लढतीवर पैजाच घेतल्या नाहीत, इतका निकाल ठरल्यासारखा होता. जेथे घेतल्या तेथे भाव ४२ ला १ असा होता. डग्लसची आई जेमतेम तीन आठवड्यांपूर्वी वारली होती. आठव्या फेरीत तो स्वतः खाली पडला, पुन्हा उठला, आणि दहाव्या फेरीत ज्याला कोणी पाडू शकत नव्हते तो टायसन जमिनीवर आपला निसटलेला दातरक्षक चाचपडताना जगाने पाहिला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डग्लस इव्हँडर होलीफील्डकडून तिसऱ्याच फेरीत हरला. आता हाच राज्य करणार, असे म्हणू लागलेल्यांचेही भाकीत असे आठ महिन्यांत फसले.

परंतु ज्याने शौकिनांना दोनदा, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांनी, चुकवले तो मनुष्य जॉर्ज फोरमन. त्याच्यापाशी थोडे थांबावेसे वाटते.

३० ऑक्टोबर १९७४ रोजी झैरे देशातील किन्शासा येथे तो अलीविरुद्ध उतरला तेव्हा त्याचे वय २५ होते. ४० लढतींपैकी ४० त्याने जिंकल्या होत्या. त्यांपैकी ३७ प्रतिस्पर्ध्यांना शेवटच्या फेरीपर्यंत टिकताच आले नव्हते. अली ३२ वर्षांचा. अलीला ज्या जो फ्रेझरने आणि केन नॉर्टनने पूर्वी हरवले होते, त्या दोघांनाही फोरमनने प्रत्येकी दोन फेऱ्यांत गारद केले होते. शौकिनांचे गणित सोपे होते. अमुक तमुकाला भारी, तमुक फलाण्याला भारी, म्हणून अमुक फलाण्याला भारीच असणार. अली निभावेल काय, यापेक्षा त्याला गंभीर दुखापत तर होणार नाही ना, हीच चिंता कित्येकांना होती. अली दोरांना टेकून उभा राहिला, ठोसे हातांवर झेलत राहिला, फोरमनला दमू दिले, आणि आठव्या फेरीत त्याला खाली पाडले.

मार्च १९७७ मध्ये पोर्टो रिकोतील सान हुआन येथे जिमी यंगकडून हरल्यावर, कपडे बदलण्याच्या खोलीत आपल्याला ख्रिस्ताचा अनुभव आला अशी साक्ष फोरमन आयुष्यभर देत राहिला. त्याने मुष्टियुद्ध सोडले. ह्यूस्टनमध्ये तो रस्त्याच्या कोपऱ्यांवर उपदेश करू लागला, पाळक झाला, एका लहानशा मंडळीची सेवा करू लागला, मुलांसाठी एक केंद्र उघडले. दहा वर्षे हातमोज्यांना हात लावला नाही. १९८७ साली, वयाच्या ३८व्या वर्षी, त्या केंद्रासाठी पैसा हवा म्हणून तो परतला, तेव्हा शौकीन हसले. त्याचे सुटलेले पोट, त्याचे वय, त्याचा संथपणा, सगळ्यांवर विनोद झाले. १९९१ मध्ये तो होलीफील्डकडून गुणांवर हरला, १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनकडून हरला, आणि हसणाऱ्यांना वाटले, झाले आपले खरे. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी ४५ वर्षांच्या फोरमनने अपराजित मायकेल मूररला दहाव्या फेरीत एका ठोशात आडवे केले. तोवर पंचांच्या कागदावर मूरर पुढे होता. फोरमनने वीस वर्षांपूर्वी किन्शासात घातलेलीच लाल चड्डी त्या रात्री घातली होती, आणि जिंकल्यावर तो आपल्या कोपऱ्यात गुडघ्यांवर टेकला. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ७६व्या वर्षी, तो प्रभूमध्ये निजला.

१९७४ मध्ये हा हरणे शक्य नाही, १९८७ मध्ये हा जिंकणे शक्य नाही. दोन्ही वेळा शरीर पाहून आणि मागचा निकाल पाहून भाकीत झाले. आणि किन्शासातला तो घुमा, धाक घालणारा फोरमन पुढे मुलांना कडेवर घेऊन हसणारा पाळक होईल, असे तर कोणालाच सुचले नव्हते. तशा गोष्टींवर पैज घेणारी पेढी नसते.

वाचकहो, शरीर पाहून भाकीत करण्याची चूक बेथलेहेमात शमुवेल संदेष्ट्यानेही केली. इशायाचा थोरला मुलगा अलीयाब समोर येताच त्याची उंची पाहून हाच अभिषिक्त, असे त्याने मनात ठरवून टाकले (१ शमुवेल १६:६). ज्या संदेष्ट्याचा एकही शब्द परमेश्वराने वाया जाऊ दिला नव्हता, त्याचे हे एक भाकीत मात्र वाया गेले. त्याने यापूर्वी शौलालाही अभिषेक केला होता, आणि तोही सर्वांहून खांदाभर उंच होता. बहुधा मागचा अनुभव पुरेसा झाला नव्हता. ही गोष्ट त्याच्या मनातली होती. ती आपल्यापर्यंत पोचली, याचा अर्थ ती कोणीतरी सांगितली आणि पवित्र शास्त्राने ती झाकून ठेवली नाही.

मागचा निकाल पाहून भाकीत करण्याची चूक मात्र अधिक खोल आहे, आणि ती पौलाकडून झाली.

पहिल्या मिशनरी प्रवासात मार्क म्हटलेला योहान पंफुल्यातील पेर्गा येथून यरुशलेमेस परतला. का परतला, हे लूक सांगत नाही. तेराव्या अध्यायात लूक जे ग्रीक क्रियापद वापरतो ते साधे आहे : निघून गेला. पंधराव्या अध्यायात पौलाची बाजू मांडताना मात्र शब्द बदलतो. तेथील क्रियापद कठोर आहे; परीक्षेच्या वेळी जे विश्वासापासून गळतात त्यांच्यासाठी लूकने बी पेरणाऱ्याच्या दाखल्यात तेच योजले आहे. भाषांतर करणाऱ्याच्या टेबलावर हे दोन शब्द शेजारी ठेवले, की घडलेली गोष्ट आणि त्या गोष्टीवरून काढलेला निष्कर्ष यांतील अंतर दिसते. एकदा निघून गेलेला तरुण आता सोडून जाणारा ठरला होता. असल्या माणसाला सोबत न्यायचे नाही, हे पौलाचे मत होते, आणि हेही भाकीतच आहे : एकदा गेला, पुन्हा जाईल.

पौल अविचारी होता असे कोणी समजू नये. ज्या प्रवासाला तो निघत होता त्यात फिलिप्पै येथे फटके आणि तुरुंग वाट पाहत होते. त्याचे गणित कोणत्याही जाणत्या शौकिनाने मान्य केले असते. त्याच्यासमोर उभा होता बर्णबा, ज्याने यरुशलेमेतील सर्व शिष्य शौलाला भीत असता त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेले होते. पौल ज्या माणसाशी भांडत होता, त्याने सर्वांच्या भाकिताविरुद्ध स्वतः पौलालाच उचलून धरले होते, हे त्या तीव्र वादाच्या क्षणी कोणाला आठवले असेल काय? बर्णबाने मार्काविषयी उलट भाकीत केल्याचे शास्त्रात कोठेही नाही. हा नक्की टिकेल, असे तो म्हणाला नाही. त्याने मार्काला तारवात बसवले आणि कुप्रास नेले.

मुष्टियुद्धाचा दाखला पौलाने स्वतः दिला आहे, तो करिंथकरांना लिहिताना, या वादानंतर काही वर्षांनी. करिंथाजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडामहोत्सव भरत असे आणि मुष्टियुद्ध हा त्यातला एक खेळ होता. पौल म्हणतो, की मी हवेत गुद्दे मारीत नाही. आणि पुढच्याच वाक्यात आपल्या शरीराविषयी जे क्रियापद वापरतो त्याचा मूळ अर्थ डोळ्याखाली ठोसा हाणणे असा आहे. मराठीत ते पुरते उतरवणे कठीण जाते. नव्या करारात हे क्रियापद आणखी एकदाच येते, आणि तेही कोठे, तर चिकाटीच्या विधवेला कंटाळलेल्या अन्यायी न्यायाधीशाच्या तोंडी (लूक १८:५). त्या विधवेवर कोणत्या पेढीने काय भाव दिला असता! पण मला दाखवायचे आहे ते निराळे. करिंथकरांच्या त्या उताऱ्यात पौल ज्याला ठोसे मारतो तो प्रतिस्पर्धी तो स्वतः आहे, आणि आपण जिंकूच, असे भाकीतही तो करीत नाही. इतरांना घोषणा करून आपणच अपात्र ठरू नये, ही धास्ती त्याला आहे. आणि त्याच अध्यायात, सहाव्या वचनात, तो बर्णबाचे नाव आपल्या बरोबरीने घेतो. कटुता उरली नव्हती असे यावरून वाटते.

आता आपल्याकडे पाहा. फोरमनवर हसलेल्यांच्या हसण्याने त्याचे काही बिघडले नाही. बहुतेकांचे शब्द त्याच्या कानी गेलेही नाहीत. आपले शब्द जातात. उपासनेनंतर आवारात, पंचकमिटीत, सोयरीक ठरताना, शिफारसपत्राच्या दोन ओळींत आपण जे बोलतो ते त्या माणसापर्यंत पोचते. वर्ष अर्धवट टाकून सेमिनरीतून परतलेला तरुण. दारू सोडून तीन महिने झालेला बाप, ज्याच्याकडे पाहून आपण बोटे मोजतो. नुकताच बाप्तिस्मा घेतलेला मनुष्य, ज्याच्याविषयी "बघू किती दिवस टिकतो" हे वाक्य त्याच्या मुलांसमोर उच्चारले जाते. हा मनुष्य टिकला नाही तर आपण म्हणतो, आम्ही सांगितलेच होते. टिकला तर आपण काहीच म्हणत नाही. दहा वर्षांनी त्याला मंडळीत हार घालतो, पण पूर्वी काय बोललो होतो ते कोणी उठून सांगत नाही, आणि त्याला तर ते पाठ असते.

येथे योनाची आठवण होते. निनवे वाचली आणि त्याचे भाकीत फसले. शौकीन आपल्या फसलेल्या भाकितावर हसतात. योना मरण मागतो. एवढे मोठे नगर जगले याहून आपला शब्द खरा ठरला नाही, हे त्याला अधिक बोचले. आपल्या मंडळीतला एखादा सावरू लागला, की आपल्या आत किंचित खट्टू होणारा कोणीतरी असतो. तो योनाचा नातलग आहे.

पौल तेथे थांबला नाही. कलस्सैकरांच्या पत्रात तो मार्काविषयी लिहितो, की तो तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा (४:१०). अशी सूचना मुद्दाम लिहावी लागली, त्यावरून पेर्गाची गोष्ट मंडळ्यांत पसरली असावी असे मला वाटते. जेथवर भाकीत गेले होते, तेथवर ते मागे घेणारे पत्रही गेले. फिलेमोनाला लिहिताना तो मार्काला सहकारी म्हणतो. त्याच पत्रात, पूर्वी निरुपयोगी ठरलेल्या अनेसिम दासाला तो उपयोगी म्हणतो. आणि शेवटी रोमच्या बंदिवासातून तीमथ्याला लिहिताना उपयोगी हाच ग्रीक शब्द त्याने मार्कासाठी योजला. ज्याच्याविषयी तुम्ही बोलला होता त्याला, आणि ज्यांच्यासमोर बोलला होता त्यांना, या आठवड्यात एक पत्र लिहिता येईल काय? पौलाच्या पत्रातला मजकूर एका ओळीहून मोठा नाही.

ती ओळ पाहा. अंत्युखियात मार्काला सोबत घेण्यास पौलाने नकार दिला, तेव्हा लूकने जे क्रियापद वापरले, त्याच धातूपासूनचे क्रियापद येथे पौल स्वतः लिहितो : मार्काला घेऊन ये. देमास त्याला सोडून गेला आहे, लूक एकटाच जवळ आहे. थंडी जवळ आली आहे. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा, पुस्तके, विशेषेकरून चर्मपत्रे, हे सारे तो मागवतो, पण त्याआधी मागवतो तो मार्काला. तीमथ्याला वाटेत मार्क कोठे भेटला, आणि हिवाळ्यापूर्वी दोघे पोचले की नाही, हे शास्त्रात लिहिलेले नाही.