औषधाची जाहिरात आणि ऐकणाऱ्याचा हक्क

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात टेट्रासायक्लिनसारखं साधं औषध एका दुकानात १ डॉलर २० सेंटला मिळे आणि त्याच परिसरातल्या दुसऱ्या दुकानात त्यालाच ९ डॉलर मोजावे लागत. स्वस्त कुठे मिळतं हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची किंमत जाहीर करणं हे राज्याच्या कायद्याने औषधविक्रेत्याचं गैरवर्तन ठरवलं होतं. या कायद्याविरुद्ध कोर्टात गेले ते मात्र ग्राहक: रोज औषध घ्यावं लागणारी एक व्यक्ती, एक ग्राहक संघटना आणि एक कामगार संघटना. १९७६ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. निकाल लिहिणारे न्या. ब्लॅकमन यांचं म्हणणं असं की किमती लपवल्याचा सगळ्यात मोठा फटका गरीब, आजारी आणि वृद्ध माणसांना बसतो, आणि लोकांच्या भल्याच्या नावाखाली त्यांना अज्ञानात ठेवायचा अधिकार सरकारला नाही.

व्यापारी जाहिरातीला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं संरक्षण मिळालं ते असं, औषधाच्या दुकानात आणि ऐकणाऱ्याच्या गरजेपोटी. पुढच्या चाळीस वर्षांत हा हक्क हळूहळू बोलणाऱ्याच्या, म्हणजे विकणाऱ्याच्या मालकीचा होत गेला, आणि इथेच वाट चुकली असं माझं ठाम मत आहे. या निकालाला विरोध करणारे एकटे न्या. रेनक्विस्ट होते. उद्या कंपन्या थेट रुग्णाला सांगतील की डॉक्टरकडे हट्ट धरा आणि अमुक वेदनाशामक लिहून घ्या, अशी भीती त्यांनी नमुन्याच्या जाहिराती रचून मांडली होती. आज अमेरिकेत टीव्ही लावला की तेच दिसतं. किमतीच्या माहितीबाबत मला ब्लॅकमन पटतात, पण रेनक्विस्टना पुढचं दिसलं होतं हे मान्य करावंच लागतं.

दोन खटल्यांत हा बदल स्पष्ट दिसतो. कोणता डॉक्टर कोणतं औषध किती लिहितो याची माहिती औषधांच्या दुकानांकडून विकत घेऊन कंपन्यांचे प्रतिनिधी त्या डॉक्टरला गाठत. व्हरमाँट राज्याने डॉक्टरच्या संमतीशिवाय असा वापर करायला बंदी घातली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली: माहिती हीसुद्धा अभिव्यक्ती, आणि कायदा फक्त कंपन्यांचंच तोंड बंद करतो, असं कारण देऊन. विक्रीचं तंत्र एकदम विचारस्वातंत्र्याच्या पंगतीला जाऊन बसलं.

दुसरा खटला आल्फ्रेड कॅरोनिया या औषध प्रतिनिधीचा. त्याचं औषध झायरेम. नार्कोलेप्सी या झोपेच्या विकारातल्या काही त्रासांसाठी मंजूर झालेलं, आणि सोळा वर्षांखालील मुलांसाठी सुरक्षित असल्याचं सिद्ध झालेलं नाही असा इशारा सोबत बाळगणारं. तो मात्र एका डॉक्टरपुढे फायब्रोमायल्जियासारख्या भलत्याच आजारांसाठी त्याची भलामण करत होता. समोरचा डॉक्टर सरकारला साहाय्य करत होता आणि संभाषण ध्वनिमुद्रित होत होतं. कॅरोनिया दोषी ठरला, पण २०१२च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी ती शिक्षा रद्द केली. खोटं नसलेलं बोलणं हा गुन्हा कसा, हा न्यायालयाचा सवाल. हेच औषध फायब्रोमायल्जियासाठी मंजूर करायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१०मध्येच नकार दिला होता.

कॅरोनियाच्या बाजूचा युक्तिवाद कच्चा नाही. मंजुरीबाहेरच्या वापरासाठी औषध लिहायची डॉक्टरला मुभा आहे. मुलांच्या आजारांत आणि कर्करोगात तर त्यावाचून निभावच लागत नाही. मग जे लिहिणं कायदेशीर, ते सांगणं बेकायदा कसं? उत्तर १९६२च्या कायद्यात आहे. थॅलिडोमाइड या औषधाने माजवलेल्या हाहाकारानंतर अमेरिकेने कंपन्यांवर अट घातली की औषध गुणकारी असल्याचं विक्रीआधी सिद्ध करा. एका आजारासाठी मंजुरी घेऊन बाकी दहा आजारांसाठी ते मोकळेपणी खपवता आलं, तर त्या दहांच्या चाचण्यांवर पैसा घालवायला कोण तयार होईल?

शिवाय औषधाबद्दलचं विधान खरं की खोटं हे वाचून किंवा ऐकून कळत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोके अनियमित होतात, ते धोक्याचे असतात, म्हणून एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं दिली जात. ठोके खरोखरच ताळ्यावर येत. १९८९ मध्ये मोठ्या चाचणीत दिसलं की औषध घेणाऱ्यांतच मृत्यू जास्त झाले. ‘हे औषध ठोके सुधारतं’ हे वाक्य अक्षरशः खरं होतं. डॉक्टरने त्यावर विश्वास ठेवला यात त्याची काहीच चूक नव्हती.

आणि बोलण्याच्या स्वातंत्र्याची दुसरी बाजू म्हणजे मौन. कॅरोनियाच्या निकालाच्याच वर्षी ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ३ अब्ज डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पॅक्सिल हे मुलांसाठी मंजूर नसलेलं औषध मुलांसाठी खपवणं आणि मधुमेहावरच्या अव्हँडियाची सुरक्षिततेची माहिती औषध प्रशासनाला न देणं हे कंपनीने कबूल केलेल्या गुन्ह्यांत होतं. पाहिजे ते सांगायचं आणि अडचणीचं दडवायचं, यात ऐकणाऱ्याचा हक्क कुठे राहिला?

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४चा कायदा ‘हमदर्द दवाखाना’ खटल्यात तपासला गेला, तेव्हा अशा औषधांची जाहिरात हा व्यापार आहे, अभिव्यक्ती नव्हे, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. १९९५ मध्ये मुंबईच्या टेलिफोन डिरेक्टरीतून उद्भवलेल्या टाटा प्रेस खटल्यात न्यायालयाने व्यापारी जाहिरातही राज्यघटनेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलम १९(१)(अ)मध्ये बसवली. इथे एक अडचण आहे. व्यवसायावर ‘सामान्य जनतेच्या हितासाठी’ निर्बंध घालता येतात. अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांची यादी मात्र कलम १९(२)ने बांधून दिली आहे, आणि तीत सार्वजनिक आरोग्य हे शब्द नाहीत. फसवी जाहिरात संरक्षणाबाहेर, हे टाटा प्रेसने सांगितलं. पण सिद्धही नाही आणि खोटाही ठरलेला नाही अशा दाव्याचं काय? उद्या एखादी कंपनी कॅरोनियाचा युक्तिवाद घेऊन आपल्या न्यायालयात उभी राहिली तर सरकारने काय उत्तर द्यायचं, याचा विचार आताच व्हायला हवा.

कारण प्रत्यक्षातली पद्धत इथेही तीच आहे. डॉक्टरांच्या दवाखान्यालगतच्या मेडिकलमध्ये कंपनीचा प्रतिनिधी (एमआर) उभा राहून विचारतो, साहेबांकडून आमचं किती येतं, समोरच्या कंपनीचं किती? या चौकशीला धंद्यात आरसीपीए म्हणतात. व्हरमाँटमध्ये जे संगणकावर चालायचं, ते इथे काउंटरवर चालतं. मार्च २०२४च्या औषध विपणन संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू देणं आणि मंजुरीबाहेरचे दावे करणं मना केलं आहे, पण तक्रार ऐकणारी समिती कंपन्यांच्याच संघटनेची. ही संहिता संसदेच्या कायद्यात उतरली पाहिजे. त्या कायद्यात दावा सिद्ध करायचं ओझं कंपनीवर असावं, आणि ज्या औषधाबद्दल डॉक्टरशी बोलायचं त्याच्या फसलेल्या चाचण्यांसकट सगळे निष्कर्ष आधी खुले करायची अट असावी.