भाकरीसाठी चालणारे

रस्ता कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याचा वाटतो. वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे. जमीन मर्यादित आहे. तिची रुंदी कोणाला किती द्यावयाची हे ठरविताना आपण नकळत माणसांची प्रतवारी लावीत असतो.

पुणे–नाशिक महामार्गाने मोशी मागे टाकून इंद्रायणी ओलांडली, की चिंबळी फाटा आणि पुढे कुरुळी लागते. कागदोपत्री हे खेड तालुक्यातील ग्रामपंचायतीचे गाव; प्रत्यक्षात ते चाकणच्या औद्योगिक पट्ट्याचे दार आहे. पहिली पाळी सुटून दुसरी लागते त्या वेळी येथे उभे राहिले म्हणजे रस्त्याची प्रतवारी डोळ्यांनी दिसते. मध्यभागी कंटेनर आणि ट्रेलर, त्यांच्या फटींतून दुचाक्या, आणि जेथे डांबर संपते तेथे हातात डबा घेतलेली पायी माणसे. बिहार, मराठवाडा, विदर्भ अशा दूरदूरच्या प्रदेशांतून आलेले हे कामगार एका खोलीत चौघे-पाचजण राहतात आणि कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत किंवा जुन्या सायकलीवर जातात. डांबराच्या कडेला कधी मुरूम असतो, कधी साचलेले पाणी, कधी उभा केलेला ट्रक. ट्रक आला, की चालणाऱ्याने त्याला वळसा घालून रस्त्यावर उतरायचे. देशाच्या मोटारी ज्यांच्या हातांनी घडतात त्यांना पाऊल ठेवावयास हातभर जागा नाही, ही गोष्ट विचित्र खरी. पण रोज पाहून ती विचित्र वाटेनाशी झाली आहे.

याच कुरुळीजवळ आळंदी फाटा आहे. आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी 8 नोव्हेंबर 2021 रोजी झाली, तेव्हा त्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना पालखीसाठी स्वतंत्र पदपथ राखण्याचे जाहीर करण्यात आले. वारकऱ्याला वाट मिळावी, वाहनाच्या भीतीने त्याचे भजन तुटू नये, हे शासनाने मान्य केले. अत्यंत योग्य झाले. वेलंकणीला अनवाणी चालत जाणारे आपले भाविक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना चालण्यातील प्रार्थना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तथापि मनात एक प्रश्न उरतो. वर्षातून एकदा देवासाठी चालणाऱ्याची वाट आपल्याला पवित्र वाटते; वर्षातले तीनशे दिवस भाकरीसाठी चालणाऱ्याची का वाटू नये? त्याचे चालणे नवसाचे नाही. त्याला दुसरा उपाय नाही, एवढेच. आणि ज्याला दुसरा उपाय नाही त्याचा हक्क अधिक बळकट असावयास हवा, कमी नव्हे.

अर्थात देवासाठी चालणारा तरी सर्वत्र सुरक्षित आहे असे नाही. डिसेंबर 2023 मध्ये शिर्डीहून आळंदीस निघालेल्या दिंडीत याच महामार्गावर, संगमनेर तालुक्यात, कंटेनर घुसला आणि चार वारकरी मृत्युमुखी पडले. अशा घटनेला आपण ‘अपघात’ म्हणतो. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकविताना हेतू आणि परिणाम यांत भेद करावयास शिकवितात. ज्या परिणामाचा हेतू नव्हता त्याचा दोष कमी धरावा, असे सांगतात. पण त्याच शास्त्रात पुढचे कलमही आहे: जे आधी दिसत होते आणि टाळता येत होते, ते हेतू नव्हता म्हणून माफ होत नाही. 2022 या एका वर्षात भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मरण पावली. त्यांपैकी 32,825 पायी चालणारी होती. दरवर्षी त्याच त्या प्रकारे इतकी माणसे जात असतील, तर त्याला दैव म्हणण्याचा अधिकार आपल्याला राहात नाही. व्हॅटिकनने 2007 मध्ये रस्त्यांवरील आचरणासंबंधी एक मार्गदर्शिका काढली आणि तीत वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतली पहिली खून न करण्याची आहे. वर्तमानपत्रांनी त्या वेळी हा विषय काहीसा गमतीने घेतला. मला त्यात गंमत दिसत नाही.

येथे कोणी म्हणेल: कारखाने आहेत म्हणून ही माणसे आली, मालाच्या गाड्या अडल्या तर त्यांचीच भाकरी अडेल. युक्तिवाद खोटा नाही. कंटेनरला रस्ता हवाच. परंतु चालणाऱ्यासाठी दोन हात जागा राखली तर कंटेनर अडत नाही. तो अडतो खड्ड्याने आणि बेशिस्त उभ्या केलेल्या गाडीने. संत थॉमस अक्वायनस यांनी न्यायाची व्याख्या केली ती ज्याचे त्याला देण्याची. ज्याला जास्त घाई त्याला अधिक, अशी नव्हे. पदपथ हे दान नाही, ते देणे आहे. दान न दिल्यास मन कोते ठरते, देणे न दिल्यास कर्ज उरते. सर्वोच्च न्यायालयानेही मे 2025 मध्ये अडथळ्याविना पदपथ वापरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

हे सारे मान्य करूनही आपली भाषा मात्र बदलत नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने ‘हरित सेतू’ या नावाने निगडी प्राधिकरणात चालणारे व सायकलस्वार यांच्यासाठी रस्त्यांची फेरमांडणी हाती घेतली. अशी कामे कोठेही निघाली, की तक्रार ठरलेली असते: रस्ता अरुंद झाला! वास्तविक रस्ता तितकाच असतो. त्यातला चालणाऱ्याचा वाटा वाढलेला असतो. पण मोटार जेथे जाऊ शकत नाही तो भाग आपण रस्त्यात धरतच नाही. आपली कुटुंबेही याला अपवाद नाहीत. रविवारी मिस्साच्या वेळी देवळाबाहेरच्या पदपथावर कोणाच्या दुचाक्या चढविलेल्या असतात, हे सांगण्याची गरज नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात एकेकट्या माणसाला घेऊन धावणाऱ्या असंख्य मोटारींनी शहराचे काय होते याविषयी मुद्दाम लिहिले. त्या पत्रातील झाडांविषयीचा भाग आपण प्रवचनांत घेतला, मोटारींविषयीचा सहसा घेतला नाही.

खरा कठीण प्रश्न आहे तो फेरीवाल्याचा. पदपथावर भजी तळणारी बाई त्याच कामगाराला परवडेल असे जेवण देते. तिला हटविले की गरिबाने गरिबाची वाट मोकळी केली एवढेच होते. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पण पदपथ चालण्यासाठी असतो हेही सांगितले आणि तेथील झोपड्या नोटीस देऊन हटविण्याची मुभा पालिकेला दिली. 2014 च्या फेरीवाला कायद्याने जागा नेमून देण्याची तरतूद केली. दोन गरिबांना एका अरुंद पट्टीवर भांडावयास लावून मधला रुंद पट्टा वादाबाहेर ठेवावयाचा, ही आपली जुनी रीत आहे. पट्टी रुंद करणे हाच त्यातून प्रामाणिक मार्ग.

कुरुळीपुरता हा प्रश्न आता नुसता विचाराचा राहिलेला नाही. 2 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा 30 किलोमीटरचा आठपदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खर्च 7,827 कोटी रुपये. वर गाड्या धावतील. खालचा रस्ता रुंद होईल, दोन्ही बाजूंना सेवारस्ते होतील. त्या सेवारस्त्याच्या कडेला काय असेल, हे अजून मागता येण्यासारखे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या मार्गदर्शिकेत पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. म्हणजे दोन माणसे डबे घेऊन शेजारी-शेजारी चालू शकतील एवढी. महापालिकेची हद्द इंद्रायणीच्या अलीकडेच संपते. तेव्हा ही मागणी महापालिकेच्या सभेत नव्हे, ग्रामसभेत मांडावी लागेल. सेवारस्त्याचा नकाशा तेथे मागवावा, आणि चिंबळी फाटा व आळंदी फाटा या दोन ठिकाणी रात्रपाळी सुटल्यावर माणूस रस्ता कोठून ओलांडणार, हे त्यावर बोट ठेवून विचारावे.