घोडा धडधाकट आहे काय?

मी इटालियन गाडी घेतली असं बँकेत सांगितलं, तेव्हा आमच्या हेड कॅशिअरनी नोटा मोजायचं थांबवलं. मोजताना थांबलं की पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं. त्यामुळे त्या दिवसापासून त्यांचा माझ्यावर राग आहे.

खरं म्हणजे मी खोटं काही बोललो नव्हतो. प्रीमियर पद्मिनी म्हणजे कुळानं फियाट 1100. माहेर इटलीतलं तुरिन, सासर मुंबईचं कुर्ला. सासरी आल्यावर नाव बदलायची आपली रीतच आहे, तेव्हा 1974 च्या सुमारास तिचं नाव चितोडच्या राणीवरून पद्मिनी ठेवलं. मुंबईतल्या तिच्या काळ्यापिवळ्या बहिणी 2023 च्या ऑक्टोबरात टॅक्सीच्या नोकरीतून निवृत्त झाल्या. माझी पुण्यात होती आणि खासगीत होती, म्हणून टिकली.

इटलीत 'ग्रान तुरिस्मो' असा गाड्यांचा एक खानदानी वर्ग आहे. दोन माणसं आणि त्यांचं सामान लांबच्या पल्ल्याला वेगानं आणि आरामात न्यायचं, एवढंच त्यांचं काम. 1951 ची लॅन्शिया ऑरेलिया बी20 जीटी ही त्यांतली आद्य मानतात. माझ्या गाडीला इंजिन 1089 सीसीचं, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर आणि पुढे सलग बाक. मी मनाशी म्हटलं, हीच आपली ग्रान तुरिस्मो. पल्ला थोडा कमी, माणसं थोडी जास्त.

विकणारे गृहस्थ निवृत्त होते. कपाळाला गंध, आणि बोलणं अगदी मोजूनमापून. म्हणाले, "सकाळी हाफ सेल्फला चालू होते. आणि उतारावर काय पळते म्हणून सांगू!" यातलं अक्षर न् अक्षर खरं निघालं. फक्त ते सकाळबद्दल बोलले, दुपारबद्दल नाही. उताराबद्दल बोलले, चढाबद्दल नाही. आता तुम्हीच सांगा, उतारावर बैलगाडीसुद्धा पळत नाही काय?

पहिल्याच मे महिन्यात आम्ही महाबळेश्वरला निघालो. वाई सोडली, पसरणी घाट लागला आणि रेडिएटरमधून वाफ निघू लागली. पेट्रोलपंप इतका तापला की सौ.नं आपला ओला रुमाल त्याच्यावर ठेवला. चिरंजीव मागच्या चाकाला दगड लावून उभे राहिले. पुढच्या सात-आठ वर्षांत त्या मुलाचं बरंचसं बालपण चाकाला दगड लावण्यात गेलं. यात गाडी बनवणाऱ्याचा काही दोष नाही. दोष वयाचा. चढाला हल्ली माझंही तसंच होतं. माझी तक्रार होती ती त्या न उच्चारलेल्या वाक्याबद्दल.

पण तक्रार करायची कुठे? मी बी.कॉम. झालेलो. 1872 चा करार कायदा, कलम 17, अजून पाठ आहे. नुसतं गप्प बसणं म्हणजे लबाडी नव्हे, असं ते कलम म्हणतं. त्याखाली एक घोड्याचं उदाहरण आहे. घोडा आजारी आहे हे ठाऊक असून 'अ'नं तो लिलावात 'ब'ला विकला आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही, तर ती लबाडी नाही. मात्र 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं 'अ'चं कर्तव्य. म्हणजे लेकीला खरं सांगायचं, लोकांच्या लेकीला घोडा द्यायचा.

हा वाद कायद्याहूनही जुना आहे. इटलीतच इसवी सनापूर्वी 44 मध्ये सिसेरोनं आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात एक घर विकायला काढलंय. घराची लाकडं किडलेली, खोल्याखोल्यांतून साप, आणि हे फक्त मालकाला ठाऊक. मालकानं सांगावं का? डायोजिनीस म्हणतो, घे असा आग्रह कुणी केला होता? अँटिपेटर म्हणतो, सांगायलाच हवं. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूचा. पसरणी घाटात बसून मीही अँटिपेटरच्या बाजूचा झालो होतो.

माणसाच्या तत्त्वांची परीक्षा मात्र तो विकणारा झाला की होते.

गेल्या वर्षी मी गाडी विकायला काढली. ओळखीतल्या ओळखीत एक मुलगा आला. नुकतंच लग्न झालेलं. बॉनेटवरून हात फिरवीत म्हणाला, "काका, काही प्रॉब्लेम असता तर तुम्ही सांगितलंच असतं, नाही का?"

माझ्या पोटात गोळा आला. कारण कलम 17 चं पुढचं उदाहरण नेमकं हेच आहे. 'ब' म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन. 'अ' गप्प बसतो. इथे गप्प बसणं म्हणजे बोलणंच!

मग मी बोललो. चढाला तापते. दुपारी पेट्रोल चढत नाही. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुने रबरी पाइप लवकर जातात. ब्रेक ड्रमचे आहेत, सतत दाबले की तापतात आणि पकड सोडतात. पुढच्या डाव्या चाकाचा सिलिंडर पाझरतो, त्यामुळे ब्रेक मारला की गाडी उजवीकडे ओढते. सगळं सांगून मी मोकळा झालो. मुलगा आरशात आपले केस बघत म्हणाला, "चालतं हो काका, जुनी गाडी म्हटल्यावर एवढं असायचंच."

त्यानं काहीएक ऐकलं नव्हतं. तेव्हा मला आठवलं, त्या गंधवाल्या गृहस्थांना चढाबद्दल मीसुद्धा विचारलं नव्हतं. प्रेमात पडलेल्या माणसाला माहिती नको असते, किल्ली हवी असते. मग सांगूनही त्याच्या कानात शिरलं नाही, तर आपलं कर्तव्य संपलं का? डायोजिनीस आणि अँटिपेटर इथवर आलेच नव्हते. त्यांना निदान गिऱ्हाईक ऐकणारं मिळालं होतं.

रविवारी मी त्याला शेजारी बसवून जुन्या कात्रज घाटात नेलं. बोगद्यापाशी वाफ निघाली. अर्धा तास आम्ही झाडाखाली बसलो. येताना दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हळू उतरत, रस्ता मोकळा बघून मी एकदाच ब्रेक दाबला. गाडी उजवीकडे गेली. खालून एक एस.टी. वर येत होती. लांब होती, पण येत होती.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, परवा बायकोला घेऊन मी कोकणात उतरणार होतो." मी ब्रेकचं सगळं काम माझ्या खर्चानं करून दिलं, पंधरा हजार कमी घेतले आणि मग गाडी दिली. ताळेबंद तोट्याचा निघाला. झोप मात्र लागली.

गोष्ट इथे संपली असती तर मी साधुपुरुष ठरलो असतो. पण सोमवारी काउंटरवर एक आजी आल्या. मुदत ठेव मुदतीआधी मोडायची होती. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'वाचले, समजले, मान्य आहे.' त्याखाली फुली. इतकी वर्षं त्या फुलीवर बोट ठेवून मी "इथे सही" म्हणत आलो आहे. किती जणांच्या डाव्या चाकाचं तेल पाझरत होतं, देव जाणे.

बोट फुलीपाशी नेलं आणि थांबलो. व्याज किती कमी होईल, दंड किती कापला जाईल, हे आकडे मांडून आजींना समजावलं. मागे रांग कुरकुरू लागली. हेड कॅशिअरनी नोटा मोजायचं पुन्हा थांबवलं.

आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते असू दे रे बाळा. सही कुठे करू, तेवढं सांग."