पाहुण्याची नजर

अणशीचा घाट उतरून कारवारमार्गे मलपे गाठले आणि होडीने सेंट मेरी बेटावर गेलो. भणाणता वारा, शिंपल्यांचा किनारा, लाव्हारस थिजून झालेले काळे खांब. भूवैज्ञानिक सांगतात, हा खडक सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. मादागास्कर भारतापासून विलग झाले त्या काळचा.

‘किती सुंदर!’ मी म्हणालो, आणि चपापलो. आमच्या अणशीत येणारे पाहुणेही हेच म्हणतात. बेटावर वस्ती नाही. माझ्या कौतुकाने कुणाचे काही बिघडत नाही. अणशीत मात्र चुली पेटतात. १९८७ साली इथले रान राष्ट्रीय उद्यान झाले, २००७ साली व्याघ्रप्रकल्पात गेले. पाहुण्याला जो रस्ता रम्य, तोच भर पावसात आजाऱ्याला नेताना संपता संपत नाही.

मग सौंदर्य पाहूच नये काय? तसे नव्हे. वाघाला रान हवे, हेही खरेच. पण ‘हे असेच राहू दे’ असे म्हणणाऱ्याने त्याची किंमत कोण मोजतो, हे आधी विचारावे. न विचारता केलेले कौतुक फुकटचे असते. आणि फुकटाचा भार नेहमी दुसऱ्याच्याच खांद्यावर पडतो.