दुधाळ पाणी (गीता, अध्याय ६, श्लोक ३४-३५)



आजच्या वाचनात अर्जुनाची ती प्रसिद्ध तक्रार आली. मन इतकं चंचल आहे की त्याला आवरणं म्हणजे वारा धरून ठेवण्यासारखं. मला आवडतं ते हे, की भगवंत त्याला ‘छे, सोपं आहे’ असं म्हणत नाहीत. आधी कबूल करतात, कठीणच आहे बाबा. मग दोन उपाय सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास मला थोडाफार कळायचा. वैराग्य म्हटलं की डोळ्यांपुढे थेट हिमालय यायचा. या महिन्यात तो आमच्या हॉलमधल्या फिशटँकपर्यंत आला.

आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे असतात. दिवसभर फ्लॅटमध्ये एकटेच. त्यांचं मन रमावं म्हणून टँक आणला, सहा गप्पी सोडले. तिसऱ्याच दिवशी पाणी दुधाळ. मी सगळं पाणी उपसलं, खडे घासले, फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला. एक दिवस काच लख्ख, मग परत तेच. असं तीनदा केलं. त्यानंतर एका सकाळी दोन गप्पी वर तरंगत होते.

आणि मी बाबांवर ओरडलो. दिवसातून पाच-सहा वेळा ते चिमूटभर खाणं टाकायचे, मी पाहिलं होतं. "तुमच्यामुळे मेले ते!" बाबा काही बोलले नाहीत. टँकसमोरची खुर्ची तेवढी उचलून गॅलरीत नेली.

माशांच्या दुकानातल्या काकांना मी किती वेळा पाणी बदललं ते जरा ऐटीतच सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. नव्या टाकीत उरलेल्या खाण्यावर जिवाणू एकदम वाढतात, त्यांनी पाणी पांढरट दिसतं. खाणं कमी केलं की बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप निवळतं. खरा धोका अमोनियाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या घाणीतून तो तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर, खड्यांवर सावकाश वस्ती करतात; चार ते सहा आठवडे सहज लागतात. मी दर वेळी ती वस्तीच धुऊन काढत होतो, तीही क्लोरीनच्या पाण्याने! (पाणी हिरवं झालं तर ते शेवाळ, ऊन जास्त लागतंय. ती वेगळी गोष्ट.)

मग करायचं काय? दोन मिनिटांत संपेल इतकंच खाणं. पाणी बदलायचं ते चौथा हिस्सा, क्लोरीन काढून. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळायचा. बाकी हात बाहेर.

हे ‘हात बाहेर’ मला वैराग्याच्या फार जवळचं वाटलं. जपाला बसलो की माझं हेच चालतं. एक विचार आला की त्याला उपसायला धावतो, आणि सगळंच ढवळून निघतं. वैराग्य म्हणजे दुर्लक्ष नव्हे, तो चौथा हिस्सा नेमाने बदलावा लागतोच. पण लगेच लख्ख दिसावं हा माझा हट्ट, तो सोडायचा.

इथवर छान जमलं होतं, आणि इथेच मी स्वतःला फसवलं. मासे माझ्यामुळे गेले हे कळूनही आठ दिवस बाबांना काही बोललो नाही. होईल सगळं आपोआप शांत, असं म्हणत राहिलो. त्याला मी मनात वैराग्यही म्हणून टाकलं. होती ती निव्वळ भीती.

काल रात्री गॅलरीत जाऊन त्यांच्याजवळ बसलो. म्हटलं, "बाबा, चूक माझी होती. मी उगाच तुम्हाला बोललो." बराच वेळ ते रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझंही जरा जास्तच व्हायचं रे. ते वर येतात ना, बरं वाटतं."

आज सकाळी खाणं मोजायला त्यांनी औषधाच्या बाटलीबरोबर आलेला छोटा चमचा शोधून काढला. पाणी अजून थोडं धूसर आहे. खुर्ची हॉलमध्ये आली आहे.